कमांडो येईपर्यंत: ओलीस सुटका पथक नेमकं काय करतं?

३० ऑक्टोबर २०२५ ला मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत ऑडिशनसाठी आलेल्या १७ मुलांना एका माणसानं कोंडून ठेवलं. सोबत दोन मोठी माणसंही अडकली. पोलिसांनी त्याच्याशी बोलून बघितलं. ते जमेना, तेव्हा ते बाथरूमच्या वाटेनं आत शिरले. गोळी लागून तो माणूस दगावला आणि मुलं सुखरूप बाहेर आली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आमच्या गल्लीत ओट्यावर हाच विषय होता. शेजारच्या गुरुजींची अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. ते म्हणाले, "ते मुंबईत झालं म्हणून निभावलं. उद्या आपल्या शाळेत कुणी असं केलं तर? ते काळ्या कपड्यातले कमांडो मुंबईहून येईस्तोवर काय करायचं आपण?" एक जण म्हणाला एटीएस येईल, दुसरा म्हणाला मिलिटरी, तिसऱ्यानं फोर्स वनचं नाव घेतलं. नक्की कुणालाच सांगता येईना. गुरुजींचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

घरात साप निघतो तेव्हा

पावसाळ्यात माळवदाच्या घरात नाहीतर कडब्याच्या गंजीत साप निघाला की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक जण काठी घेऊन धावतो. साप बिथरतो, कणगीमागं शिरतो, आणि मग रात्रभर घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरा लेकराबाळांना आधी बाहेर काढतो, दाराच्या फटीत पोतं कोंबतो, सापावरची नजर ढळू देत नाही आणि सर्पमित्राला फोन लावतो. सर्पमित्र तासाभरानं येतो आणि दोन मिनिटांत काम उरकतो. पण साप कुठं आहे, केवढा आहे, निसटायला वाट आहे का, हे त्याला दारातच कळलं तरच ती दोन मिनिटं पुरतात.

ओलीस म्हणजे ज्याचा जीव मुठीत धरून दुसऱ्याकडून काहीतरी वसूल करायचं आहे, असा माणूस. त्याला सोडवणारं खास पथक म्हणजे आपल्या गोष्टीतला सर्पमित्र. हे पथक बहुतेक वेळा शेवटी येतं. त्याचं यश किती मारले यावर मोजत नाहीत, किती ओलीस आपल्या पायांनी चालत बाहेर आले यावर मोजतात. आणि ते बऱ्याच अंशी ठरतं ते पथक यायच्या आधीच्या तास-दोन तासांत. हे नीट कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

एटीएस, फोर्स वन, एनएसजी: कोण कुणाचं?

ओट्यावरचा गोंधळ इथंच होता, म्हणून आधी हे सोडवू.

एटीएस म्हणजे दहशतवादविरोधी पथक. महाराष्ट्रात ते २००४ साली उभं राहिलं. त्याचं मुख्य काम माग काढण्याचं: खबर मिळवायची, पाळत ठेवायची, कट होण्याआधी पकडायचं, मग तपास करून खटला उभा करायचा. मराठवाड्याला याचं उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. मे २००६ मध्ये एटीएसनं मनमाड ते तेव्हाचं औरंगाबाद या पट्ट्यात गाड्यांचा पाठलाग करून आरडीएक्स, एके-४७ रायफली आणि हजारो काडतुसं पकडली. तो साठा वापरला गेला असता तर काय झालं असतं, याचा विचारही नकोसा होतो. २०१६ साली विशेष न्यायालयानं त्या खटल्यात १२ जणांना दोषी ठरवलं. कमांडो कारवाईची वेळच न येऊ देणं हे सगळ्यात मोठं यश, आणि त्याची बातमी सगळ्यात लवकर विस्मरणात जाते.

फोर्स वन हे महाराष्ट्र पोलिसांचं कमांडो पथक. २६/११ च्या धक्क्यातून ते उभं राहिलं. पहिल्या तुकडीसाठी तीन हजारांवर पोलिसांनी अर्ज केले होते, त्यातून २१६ जण निवडले गेले. मुंबईत कुठंही हल्ला झाला तर पंधरा मिनिटांत हलायचं, हे त्याचं मूळ उद्दिष्ट.

एनएसजी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दल, हे केंद्राचं. १९८४ साली ते उभं राहिलं. त्याचा तळ हरियाणात मानेसरला आहे. काळ्या वेशामुळं लोक त्यांना ब्लॅक कॅट म्हणतात. त्यातले आत शिरणारे जवान लष्करातून येतात, बाकीचे केंद्रीय आणि राज्य पोलिसांतून. पोलीस हा विषय घटनेनं राज्याकडं दिलेला असल्यामुळं राज्यानं मागणी केली की केंद्र एनएसजी पाठवतं.

गडचिरोलीचं सी-६० पथक यात धरू नका. त्यांचं रणांगण जंगल, तिथली लढाई वेगळ्या जातीची. आणि आपल्या सगळ्यांच्या सर्वांत जवळ असतं ते जिल्ह्याचं क्यूआरटी, म्हणजे शीघ्र प्रतिसाद पथक. पोलीस अधीक्षकांच्या हाताखालची ही निवडक, जास्त सराव झालेली पोरं. पुढं त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येईल.

म्युनिकची रात्र

अशी पथकं जगात का निघाली याचं उत्तर एका तारखेत आहे. ५ सप्टेंबर १९७२. जर्मनीत म्युनिकला ऑलिम्पिक चालू होतं. आठ बंदूकधारी पहाटे क्रीडाग्रामात शिरले. इस्रायलच्या एका खेळाडूला आणि एका प्रशिक्षकाला त्यांनी तिथंच मारलं, आणखी नऊ इस्रायलींना ओलीस धरलं. पोलिसांनी दिवसा छतावरून उतरायची तयारी केली, पण ती सगळी टीव्हीवर थेट दिसत होती आणि आतल्या खोल्यांत टीव्ही चालू होता! बेत सोडून द्यावा लागला. रात्री विमानतळावर सापळा लावला. समोर आठ जण, नेमबाज पाच. ते नेमबाजही खास शिकलेले नव्हते, त्यांच्याकडं एकमेकांशी बोलायला वायरलेस नव्हते. समोर नेमके किती जण आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नऊच्या नऊ ओलीस गेले.

पोलीस भित्रे नव्हते. त्यांनी या कामाचा सराव कधी केला नव्हता. विहिरीत पडलेल्याला काढायला पोहता न येणाऱ्यानं उडी घ्यावी, तसं झालं. त्याच महिन्यात जर्मनीनं जीएसजी-९ हे पथक उभारायला घेतलं. पाच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९७७ ला, सोमालियात मोगादिशूच्या धावपट्टीवर लुफ्तान्साचं अपहरण केलेलं विमान उभं होतं. विमानाच्या तोंडासमोर थोड्या अंतरावर जाळ पेटवला गेला. अपहरणकर्ते तो बघायला पुढं सरकले, आणि जीएसजी-९ चे जवान मागून, जिथून खिडकीतून काही दिसत नाही त्या बाजूनं, शिड्या लावून आत शिरले. ८६ ओलीस जिवंत सुटले. प्रत्यक्ष कारवाई काही मिनिटांची, पण तिच्यामागं पाच वर्षांची तालीम होती.

आपल्याकडं अशीच एक चोख कारवाई झाली होती, फार कुणाला आठवत नाही. एप्रिल १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं अपहरण केलेलं विमान अमृतसरला उतरलं. एनएसजीनं मध्यरात्रीनंतर आत शिरून १४१ जणांना सोडवलं. एकही प्रवासी दगावला नाही.

बोलणारे, बघणारे, शिरणारे

सिनेमात फक्त शिरणारे दिसतात. खऱ्या कारवाईत त्यांच्याआधी दोन टोळ्या राबत असतात.

पहिले बोलणारे. ओलीस धरणाऱ्याशी वाटाघाटी करणारा पोलीस. याला मऊपणा समजू नका. सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात धोक्याचा असतो, कारण आतला माणूसही घाबरलेला, घामाघूम झालेला असतो, बोट चापावर असतं. जसजसा वेळ जातो तसा तो थकतो, त्याला भूक लागते, लघवीला जायचं असतं, आतली पोरं त्याला नावानं ओळखू लागतात. बोलणारा त्याला वेळ काढायला लावतो. पाण्याच्या बाटल्या द्यायच्या तर त्या बदल्यात एक आजारी ओलीस सोडवायचा. डबा द्यायचा तर दोन लेकरं. हत्यार मात्र कधीच द्यायचं नाही.

एक नियम फार महत्त्वाचा: जो बोलतो तो निर्णय घेत नाही, आणि जो निर्णय घेतो तो बोलत नाही. माळेगावच्या यात्रेत घोड्याचा सौदा करताना हुशार माणूस स्वतः मालक असल्याचं सांगत नाही. "मालकाला विचारून सांगतो" म्हणतो आणि चहाला निघून जातो. समोरचा वाट बघत बसतो. तसंच हे. "साहेबांना विचारतो" एवढ्या दोन शब्दांवर तास निघतात. गर्दीत उभं राहून पुढारी नाहीतर मोठा अधिकारी स्वतः भोंग्यावर बोलायला लागला की ही सोय हातची जाते.

दुसरे बघणारे. लांब पल्ल्याची रायफल घेऊन गच्चीवर बसलेल्या नेमबाजाला आपण स्नायपर म्हणतो आणि त्याचं काम गोळी घालणं समजतो. त्याचं मुख्य काम डोळ्यांचं. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीत माळ्यावर बसलेला राखण्या जसा पाखरांचा थवा कुठून उठला, कुठं बसला हे सांगत राहतो, तसा हा दुर्बिणीतून सांगत राहतो: दुसऱ्या खिडकीचा पडदा हलला, निळा शर्टवाला डावीकडं गेला, मुलं भिंतीला टेकून बसलीत. तासन्‌तास तो एकही गोळी न झाडता हेच करतो.

आणि शेवटी शिरणारे. दार फोडायचं, आत स्टन ग्रेनेड टाकायचा, म्हणजे जीव न घेता क्षणभर डोळे दिपवणारा आणि कान बधिर करणारा गोळा. मग त्या दोन-चार सेकंदांत प्रत्येकानं आपला कोपरा धरायचा. कबड्डीत जसा कोपरारक्षक चढाईपटूच्या पायावर नजर ठेवतो आणि मधल्याच्या कामात नाक खुपसत नाही, तसं इथं दुसऱ्याच्या कोपऱ्याकडं बघायचंच नाही. बघितलं की आपला कोपरा उघडा पडतो. धुरात, आरडाओरड्यात, समोर लेकरू उभं आहे की बंदूकवाला हे पापणी लवायच्या आत ओळखायचं. म्हणून या पथकांचा सराव खऱ्या खोल्यांत, खऱ्या काडतुसांनी होतो.

"मग थेट घुसत का नाहीत? वाट कशाला बघायची?"

गुरुजींनी हे विचारलंच. उत्तर दोन तोंडांचं आहे आणि दोन्ही नीट समजून घ्यावी लागतात.

आतला माणूस ओलीस धरून मागण्या करतोय, तोवर वेळ आपल्या बाजूनं असतो. घाई केली तर तोच घाबरून गोळ्या घालेल. १९८० मध्ये लंडनला इराणच्या दूतावासात २६ जणांना ओलीस धरलं होतं. पोलीस सहा दिवस बोलत राहिले, त्यात पाच ओलीस सुटलेही. सहाव्या दिवशी आतल्यांनी एका ओलिसाला मारून त्याचं प्रेत बाहेर टाकलं, तेव्हाच कमांडो आत गेले.

पण आतला माणूस मागणी न करता दिसेल त्याला मारत सुटला असेल, तर थांबणं म्हणजे मरणं मोजत बसणं. २६ नोव्हेंबर २००८ ला हेच झालं. दहा जण आले होते ते मारायलाच. सीएसएमटीवर, कॅफेत, हॉटेलांत आधी गोळीबार झाला, ओलीस नंतर. अशा वेळी जो जवळ आहे, ज्याच्या हातात जे आहे, त्यानंच भिडायचं असतं. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडं बंदूक नव्हती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. म्हणून एक हल्लेखोर जिवंत सापडला आणि पुढचा सगळा कट उघड झाला. देशानं त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं.

त्या रात्री एनएसजीला दिल्लीहून आणायला विमान चंदीगडहून बोलवावं लागलं. जवान पहाटे मुंबईत उतरले आणि सकाळी कामाला लागले. मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये आणि हवालदार गजेंद्रसिंह बिश्त नरीमन हाऊसमध्ये शहीद झाले. जवळपास साठ तास चाललेल्या त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. पुढं २००९ मध्ये मुंबई, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता इथं एनएसजीचे तळ झाले, ते याच धड्यातून.

साप निसटला तर काय होतं, तेही आपण सोसलंय. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ विमान अमृतसरला पाऊण तास उभं होतं. विमान अडवून धरायचं आणि तोवर एनएसजी आणायची, एवढंच हवं होतं. ते झालं नाही. विमान उडालं, कंदाहारला पोचलं आणि तीन अतिरेकी सोडून द्यावे लागले. त्या दिवशी दाराच्या फटीत कुणी पोतं कोंबलंच नाही.

मराठवाड्यात घडलं तर

समजा, देव न करो, पण आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावी शाळेत कुणी मुलांना कोंडलं. ११२ ला फोन जातो. पहिली गाडी येते तालुक्याच्या ठाण्याची. त्यात असतो एखादा फौजदार आणि दोन-तीन शिपाई. त्यांनी आत घुसायचं नाही, आतून गोळीबार चालू असेल तेवढा अपवाद. त्यांनी कडं करायचं. आतलं कडं म्हणजे इमारतीभोवती, आतला बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेरचं कडं त्याहून लांब, आपण आत जाऊ नये म्हणून. १०८ ची गाडी जवळच पण आडोशाला. महावितरणचा लाईनमन बोलावून ठेवायचा, कारण कोणत्या क्षणी वीज तोडायची हे पुढं लागेल.

तासाभरात जिल्ह्याहून अधीक्षक, क्यूआरटी आणि बॉम्बशोधक पथक. बंदोबस्ताला राज्य राखीव पोलीस दल लागलं तर आपल्याकडं त्यांचे गट जालन्याला, हिंगोलीला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. बहुतेक प्रकरणं इथंच संपतील. पवईचं प्रकरणही मुंबईच्या स्थानिक पोलिसांनी आणि क्यूआरटीनंच मिटवलं.

प्रकरण मोठं असेल, हत्यारं लष्करी असतील, तर फोर्स वन आणि एनएसजी. इथं नकाशा काढून बघा. मुंबईहून छत्रपती संभाजीनगर रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यानं जालन्यापर्यंतची वाट सुधारली, हे खरं. पण नांदेड मुंबईहून साडेपाचशे किलोमीटरच्या पुढं पडतं, आणि हैदराबाद त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला हे सांगायला नको, त्याचा दवाखाना आणि बाजार पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच आहे. एनएसजीचा एक तळ हैदराबादला आहे, हे सचखंड गुरुद्वाराच्या गावाला लक्षात ठेवण्यासारखं आहे. कागदोपत्री राज्याची सीमा मधे आली तरी संकटात सर्वांत जवळचा हात कोणता, हे आधीच ठरलेलं हवं.

"मग मराठवाड्याला वेगळं फोर्स वन का नको?"

मागणी मला समजते. सिंचनापासून रेल्वेपर्यंत सगळं मागं पडलेल्या भागातल्या माणसाच्या तोंडी ती आपसूक येते. तरी माझं मत वेगळं आहे. असं पथक माणसं गोळा करून पाटी लावल्यानं होत नाही. त्याला रोजचा गोळीबाराचा सराव लागतो, सरावाच्या इमारती लागतात आणि तरुण जवान सतत बदलत ठेवावे लागतात. राम प्रधान समितीनं २६/११ नंतर जे पाहिलं ते डोळ्यांत अंजन घालणारं होतं: खुद्द मुंबईच्या क्यूआरटीला कितीतरी महिने गोळीबाराचा सराव मिळाला नव्हता, कारण काडतुसांचा पुरवठाच नव्हता. पथक कागदावर होतं, हात गंजलेले.

म्हणून मागायचंच तर आठही जिल्ह्यांच्या क्यूआरटीला पुरेशी काडतुसं, चांगली जॅकेटं आणि वर्षातून काही आठवडे फोर्स वनसोबत सराव मागावा. प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन अधिकारी तरी वाटाघाटी शिकलेले असावेत. यातला एखादा नवरा-बायकोच्या भांडणात गच्चीवर चढून बसलेल्या माणसालाही खाली आणेल. ते तर दर महिन्याला कुठंतरी घडतं.

"वर्षानुवर्षं रिकामं बसणाऱ्यांवर एवढा खर्च?"

अग्निशमनाचा बंब रोज आग विझवत नाही म्हणून आपण त्याला पाण्याच्या टँकरला लावत नाही. कधी लावतोही, उन्हाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच जिनिंगमध्ये कापूस पेटतो. कमांडोंचं तेच होत होतं. ते पुढाऱ्यांच्या मागंपुढं धावण्यात गुंतत होते. २०२४ मध्ये केंद्रानं एनएसजीला व्हीआयपी सुरक्षेतून मोकळं करायचं ठरवलं, ते योग्यच झालं. राज्यांनीही तेच करावं.

"पायावर गोळी घालता येत नाही का?"

पवईनंतर हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला, आणि तो विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणायचं काही कारण नाही. पाय हलता आणि बारीक असतो. धावपळीत, अपुऱ्या उजेडात तो चुकला की गोळी मागच्या लेकराला लागू शकते. पायाला गोळी लागलेला माणूसही हातातला चाप ओढू शकतो, काडी पेटवू शकतो. म्हणून जीव जाण्याचा धोका समोर असेल तेव्हा छातीच्या भागावरच नेम धरायला शिकवतात.

पण तसा धोका खरंच होता का, हे नंतर तपासलंच पाहिजे. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलीस कारवाईतल्या मृत्यूंसाठी १६ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. गुन्हा नोंदवायचा, स्वतंत्र तपास करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. चौकशी म्हणजे पोलिसांचा अपमान, असं मला वाटत नाही. ज्यानं रास्त गोळी चालवली त्याचं नाव चौकशीनंतर कायमचं स्वच्छ होतं.

तुमच्या हातातला मोबाईल

म्युनिकमध्ये आतल्यांनी टीव्ही बघितला. २६/११ ला पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्या बघून ताजमधल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला वाहिन्यांना मनाई आहे. नेमून दिलेला अधिकारी अधूनमधून माहिती देईल तेवढीच द्यायची.

पण आता वाहिनी प्रत्येकाच्या खिशात आहे. गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर मॉक ड्रिल, म्हणजे खोट्या हल्ल्याचा सराव झाला. क्यूआरटीची पोरं भिंतीला चिकटून हळूहळू पुढं सरकत होती, आणि त्यांच्या मागं वीस-पंचवीस जण हात उंच करून शूटिंग करत निघाले होते. एक शिपाई कळवळून ओरडत होता, "अहो मागं सरका की! खरं असतं तर तुमच्या त्या फोननंच आमचा जीव गेला असता!" कुणी हललं नाही. उलट कुणीतरी लाईव्ह गेलं.

२००४ मध्ये रशियात बेसलानच्या शाळेत हजाराहून जास्त लोक ओलीस होते. बाहेर जमलेल्यांत हत्यारं घेतलेले बापही होते, कडं धड झालंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आत स्फोट झाले आणि कमांडो, पालक, गावकरी सगळे एकदमच धावले. ३३० वर माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त लेकरं. त्या बापांना बोल लावायची माझी छाती नाही. आपलं लेकरू आत असताना दोरीबाहेर उभं राहणं किती अवघड असेल! पण ती दोरी त्याच लेकरासाठी बांधलेली असते.

माहिती कुणाकडं असते?

लंडनच्या त्या दूतावासाच्या वेळी एसएएसचे, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या खास पथकाचे, कमांडो खालच्या खिडक्या घणानं फोडायच्या विचारात होते. इमारतीची देखभाल करणाऱ्यानं सांगितलं की खालच्या दोन मजल्यांच्या काचा मजबूत केलेल्या आहेत, घणानं फुटायच्या नाहीत. अख्खा बेत बदलला. पुढं भिंतींत माइक बसवायला भोकं पाडताना आवाज होत होता, तो झाकायला लंडनवरून जाणारी विमानं मुद्दाम खालून उडवली गेली. एवढी धडपड कशासाठी, तर आत कोण कुठं बसलंय हे कळावं म्हणून.

आमच्या स्टँडवरच्या सरावात हेच डोळ्यांसमोर घडलं. क्यूआरटीचे साहेब कंट्रोलरची खोली, पार्सल ऑफिस, उपाहारगृह यांचा नकाशा मागत होते. नकाशा होता, पण जुना, मधल्या काळात एक भिंत पडलेली आणि एक नवी उभी राहिलेली. उपाहारगृहाचं मागचं दार कुठं उघडतं हे जमलेल्या अधिकाऱ्यांपैकी कुणाला सांगता येईना. चौकशी चालू असताना झाडलोट करणाऱ्या मावशी खराटा घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते दार लागतच नाही ओ साहेब. कडी मोडलीय कवाची. आतून पाण्याचा ड्रम लावलेला असतोय, सांच्याला भरलेला, सकाळी रिकामा."

साहेबांनी घड्याळात बघितलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. हातातली वही त्यांनी मावशींपुढं धरली आणि पार्सल ऑफिसच्या पायरीवर त्यांच्या शेजारी खाली बसले. मावशींनी खराटा भिंतीला टेकवून ठेवला, पेन घेतलं नाही, बोटानंच धुळीत रेघ ओढली. "हितं मोरी. हितनं एक माणूस आडवा होऊन जातोय. लेकरू असलं तर उभं."